विश्लेषण : विमानाच्या इंजिनातील बारीक चीर अपघाताआधी कशी शोधतात? तपासणी सक्तीची कधी होते?

न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून डॅलसकडे निघालेले साउथवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७३७-७०० विमान १७ एप्रिल २०१८ रोजी सुमारे ३२ हजार फूट उंचीवर असताना त्याच्या डाव्या इंजिनातील पंख्याचे एक पाते मुळापासून तुटले. इंजिनाच्या बाहेरील आवरणाचा तुकडा विमानाच्या खिडकीजवळ आदळला. खिडकी निखळली आणि केबिनमधील हवेचा दाब झपाट्याने घसरला. वैमानिक टॅमी जो शल्ट्स यांनी विमान फिलाडेल्फियाला सुखरूप उतरवले. विमानातील १४९ पैकी १४८ जण वाचले. मात्र त्या खिडकीजवळ बसलेल्या महिला प्रवाशाचा मृत्यू झाला.

अशा प्रकारच्या इंजिनाचे पाते तुटू शकते, हे त्याआधी दीड वर्षापासून ठाऊक होते. तपासणी सक्तीची करण्याचा अमेरिकी मसुदाही तयार होता; त्यावर अंतिम शिक्कामोर्तब तेवढे बाकी होते. इंजिनाच्या सुट्या भागांची सक्तीची तपासणी म्हणजे नेमके काय, ती कोण ठरवते आणि ती कुठे कमी पडते, याचा हा आढावा.

पाते तुटले कशामुळे?

सीएफएम५६-७बी या इंजिनाच्या पुढच्या पंख्याला टायटॅनियम मिश्रधातूची २४ पाती असतात. प्रत्येक पात्याचा खालचा भाग मधल्या चकतीच्या खाचेत बसवलेला असतो. उड्डाणाच्या वेळी पंखा पूर्ण वेगाने फिरतो तेव्हा प्रत्येक पाते बाहेर फेकले जाण्याच्या जोराने खाचेवर प्रचंड ताण देते. विमान उतरून इंजिन बंद झाले की तो ताण नाहीसा होतो.

लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते. धातूचा हा थकवा, म्हणजे ‘फटीग’. ताण येणे आणि जाणे याची आवर्तने वाढत गेली की धातूत सूक्ष्म चीर पडते आणि दर आवर्तनाला ती किंचित पुढे सरकते. त्यामुळे इंजिनाच्या अशा भागांचे वय वर्षांत नव्हे, तर ‘सायकल’मध्ये म्हणजे उड्डाणफेऱ्यांत मोजतात. एक उड्डाण आणि एक उतरणे मिळून एक फेरी. मुंबई-पुणे-नागपूरसारखी छोटी उड्डाणे करणाऱ्या विमानाचे इंजिन मुंबई-लंडन मार्गावरच्या इंजिनापेक्षा तितक्याच तासांत कितीतरी जास्त फेऱ्या पूर्ण करते.

साउथवेस्टच्या विमानातील तुटलेल्या पात्याच्या ३२ हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या होत्या. चीर पडली होती ती खाचेत बसणाऱ्या भागात. पाते जागेवर असताना बाहेरून पाहणाऱ्याला हा भाग दिसत नाही.

धोका आधीच माहीत होता का?

होय. २७ ऑगस्ट २०१६ रोजी साउथवेस्टच्याच न्यू ऑर्लिन्स-ऑर्लँडो विमानाचे, त्याच प्रकारच्या इंजिनातील पाते जवळपास तसेच तुटले होते. विमानाच्या बाजूला भोक पडले, केबिनमधील दाब कमी झाला. पण कुणीही जखमी न होता विमान फ्लोरिडातील पेन्साकोलाला उतरले.

त्यानंतर इंजिन बनवणाऱ्या सीएफएम कंपनीने २०१७ मध्ये पात्यांची अल्ट्रासॉनिक तपासणी करण्याची शिफारस विमान कंपन्यांना केली. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने (एफएए) ही तपासणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागवल्या. काही विमान कंपन्यांनी अधिक मुदत मागितली. किती इंजिने, किती पाती, खर्च किती यावर लेखी मते आली. मार्च २०१८ मध्ये युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने आपल्याकडे सक्ती लागू केली. अमेरिकेचा अंतिम आदेश मात्र निघालेला नव्हता.

तो निघाला २० एप्रिल २०१८ रोजी, म्हणजे अपघातानंतर तीन दिवसांनी. ३० हजारांहून अधिक फेऱ्या झालेल्या इंजिनांची पाती २० दिवसांत तपासण्याचा हा तातडीचा आदेश होता. पुढच्या पंधरवड्यात २० हजार फेऱ्यांवरील इंजिनेही त्याच्या कक्षेत आली. आठ महिने चर्चेत असलेली गोष्ट दोन आठवड्यांत मार्गी लागली.

‘शिफारस’ आणि ‘आदेश’ यांत फरक काय?

इंजिन किंवा विमान बनवणारी कंपनी दोष लक्षात आल्यावर ‘सर्व्हिस बुलेटिन’ काढते. त्यात काय तपासायचे, कसे तपासायचे, कोणता भाग बदलायचा हे लिहिलेले असते. नियामकही कधी कधी माहितीवजा पत्रक काढतो. ही दोन्ही पत्रके बहुतांश वेळा सल्ल्याच्या स्वरूपात असतात. पाळायची की नाही, हे विमान कंपनी ठरवते.

‘एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह’ म्हणजे उड्डाणयोग्यता आदेश ही वेगळी गोष्ट आहे. नियामकाला धोका प्रत्यक्ष आहे आणि तो तशाच बनावटीच्या इतर विमानांतही उद्भवू शकतो असे वाटले, की हा आदेश निघतो. त्याला कायद्याचे बळ असते. दिलेल्या मुदतीत काम झाले नाही तर ते विमान उड्डाणास अयोग्य ठरते, मग ते वरवर कितीही ठणठणीत दिसो.

ज्या देशाने त्या विमानाच्या किंवा इंजिनाच्या रचनेला मान्यता दिली, तो देश सहसा पहिला आदेश काढतो. तो इतर देशांना कळवला जातो. भारतात नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) असे आदेश येथील विमान कंपन्यांना बंधनकारक करते. गरज वाटल्यास डीजीसीए त्याहून कडक आदेशही काढू शकते.

हा फरक भारतीय वाचकांसमोर ठळकपणे आला तो १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर. २६० जणांचा बळी घेणाऱ्या या अपघाताच्या प्राथमिक अहवालात, उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधन नियंत्रण स्विच एकापाठोपाठ ‘कटऑफ’ स्थितीत गेल्याचे नमूद आहे. या स्विचच्या लॉकबाबत एफएएने डिसेंबर २०१८ मध्ये एक पत्रक काढले होते. पण ते सल्लावजा होते. त्यामुळे एअर इंडियाने ती तपासणी केलेली नव्हती आणि तशी सक्तीही नव्हती. स्विचमधील दोषामुळे अपघात झाला असे अहवाल म्हणत नाही. तरीही अहवालानंतर १४ जुलै २०२५ रोजी डीजीसीएने ही तपासणी भारतात सक्तीची केली आणि २१ जुलैपर्यंतची मुदत दिली. आपल्या विमानांत दोष आढळला नसल्याचे एअर इंडियाने तपासणीनंतर सांगितले.

डोळ्यांना न दिसणारी चीर शोधतात कशी?

इंजिन पूर्ण न उघडता धातूच्या आत डोकावण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यातल्या काही आपल्याला दवाखान्यातून ओळखीच्या आहेत.

*बोअरस्कोप :* पोटाच्या एंडोस्कोपीसारखा प्रकार. इंजिनाच्या आवरणातील ठरावीक छिद्रांतून कॅमेरा बसवलेली लवचीक नळी आत सोडतात. जळलेली, वाकलेली, कडा उडालेली पाती यात दिसतात.

*फ्लुरोसंट पेनेट्रंट :* सुटा केलेला भाग चमकणाऱ्या द्रवात भिजवतात, पृष्ठभाग धुऊन घेतात आणि अतिनील प्रकाशात पाहतात. चिरेत शिरलेला द्रव हिरवट रेघेसारखा उजळतो. पण चीर पृष्ठभागावर उघडी असेल तरच ती दिसते. भाग नीट धुतला गेला नाही तर सगळेच उजळून निघते आणि जास्त धुतला तर चिरेतला द्रवही निघून जातो.

*एडी करंट :* तारेच्या वेटोळ्यातून धातूत विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण करतात. वाटेत चीर आली की भोवऱ्यांचा मार्ग बदलतो आणि उपकरणावरची रेघ हलते. अगदी बारीक चिरांसाठी ही पद्धत उपयोगी पडते.

*अल्ट्रासॉनिक :* ही धातूची सोनोग्राफी. पात्यावर जेल लावून प्रोब फिरवतात. ध्वनिलहरी चिरेवर आदळून परत येतात आणि पडद्यावर वेगळा उंचवटा दिसतो.

*थर्मल अकूस्टिक इमेजिंग :* पाते ध्वनिकंपनांनी थरथरवतात. चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासून किंचित गरम होतात आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यात तो भाग उठून दिसतो. आतून पोकळ असलेल्या पात्यांत आतल्या बाजूने पडलेली चीर शोधण्यासाठी ही पद्धत वापरतात.

साउथवेस्टच्या त्या पात्याची मोठी देखभाल २०१२ मध्ये झाली होती आणि तेव्हा पेनेट्रंट तपासणीही झाली होती. त्या वेळची चीर बहुधा या पद्धतीला दिसण्याजोगी नव्हती, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) काढला. म्हणजे तपासणी झाली होती, पण हत्यार चुकीचे होते. नंतर मोठ्या देखभालीत एडी करंट आणि मधल्या काळात अल्ट्रासॉनिक तपासणी घेण्याचे ठरले.

किती फेऱ्यांनी तपासायचे, हे कसे ठरते?

यामागे एक गणित आहे. चीर उपकरणाला दिसू शकेल एवढी मोठी व्हायला किती फेऱ्या लागतात आणि तिथपासून पाते तुटेपर्यंत किती, हे चाचण्या आणि तुटलेल्या भागांचा अभ्यास यांवरून काढतात. दोन्हींमधल्या काळात किमान दोनदा तरी तपासणी व्हावी, या बेताने अंतर ठेवले जाते. पहिल्या वेळी चीर नजरेतून सुटली, तर दुसऱ्या वेळी सापडेल.

हे गणित अपुऱ्या माहितीवर सुरू होते आणि पुढे दुरुस्त होत जाते. सीएफएम इंजिनाच्या पात्यांसाठी एफएएने आधी दर तीन हजार फेऱ्यांनी तपासणी सांगितली. त्याच वर्षी ते अंतर १,६०० फेऱ्यांवर आणले. दिवसाला पाच उड्डाणे करणाऱ्या विमानाच्या हिशेबात वीस महिन्यांचे अंतर साधारण साडेदहा महिन्यांवर आले.

गणित फसल्याचे उदाहरण डेन्व्हरमध्ये दिसले. २० फेब्रुवारी २०२१ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ चे उजवे इंजिन उड्डाणानंतर काही मिनिटांत फुटले. आवरणाचे मोठाले तुकडे ब्रूमफील्ड या उपनगरात घरांच्या अंगणात पडले. विमानातील २३९ जण आणि जमिनीवरील सगळे बचावले. इंजिन होते प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे पीडब्ल्यू४०७७. नियमाप्रमाणे त्याची पाती ६,५०० फेऱ्यांनी तपासायची होती. तुटलेल्या पात्याच्या शेवटच्या तपासणीनंतर २,९७९ फेऱ्याच झाल्या होत्या. म्हणजे कंपनीने नियम पाळला होता, तरीही पाते तुटले. तीन दिवसांत एफएएने पुढील उड्डाणापूर्वीच सर्व पाती तपासण्याचा आदेश दिला. अमेरिकेत ही विमाने वर्षाहून अधिक काळ जमिनीवर राहिली.

चीर उपकरणाला दिसली, पण माणसाच्या लक्षात आली नाही तर?

हेही घडले आहे. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून साडेतीनशेहून अधिक प्रवाशांना घेऊन निघालेल्या युनायटेडच्या ७७७ चे पाते प्रशांत महासागरावर तुटले. इंजिनाचे आवरण समुद्रात पडले आणि वैमानिकांनी एका इंजिनावर होनोलुलू गाठले.

चौकशीत जुन्या प्रतिमा काढल्या गेल्या. २०१० आणि २०१५ मध्ये त्या पात्याची थर्मल अकूस्टिक तपासणी झाली होती. ज्या ठिकाणी ते तुटले तिथे दोन्ही प्रतिमांत खूण होती. २०१५ मध्ये निरीक्षकाला ती रंगाच्या थरामुळे उमटलेली वाटली. इंजिन कंपनीने ही पद्धत अनेक वर्षे ‘नवे, विकसित होणारे तंत्र’ या वर्गात ठेवल्यामुळे तिच्यासाठी रीतसर प्रशिक्षणक्रमच आखलेला नव्हता. निरीक्षक एकमेकांकडून काम शिकत होते. एनटीएसबीने बोट ठेवले ते यावर.

याहून भीषण उदाहरण १९ जुलै १९८९ चे आहे. युनायटेडच्या डीसी-१० विमानाच्या मागच्या इंजिनातील टायटॅनियमची चकती हवेत फुटली, तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या आणि आयोवातील सू सिटीला उतरताना झालेल्या अपघातात शंभरहून अधिक प्रवाशांचा जीव गेला. चकती घडवतानाच धातूत दोष राहिला होता आणि तिथून चीर वाढत गेली. आधीच्या तपासणीत ती सापडू शकली असती. तासन्तास एकसारखे भाग तपासणाऱ्या माणसाच्या मर्यादा देखभाल यंत्रणेने पुरेशा लक्षात घेतल्या नाहीत, असा ठपका चौकशीत ठेवण्यात आला.

पाते तुटले तर ते इंजिनाच्या आवरणातच अडकून राहावे, अशी चाचणी नव्या इंजिनाला द्यावी लागते. जड चकतीचे तुकडे मात्र कोणतेही आवरण थोपवू शकत नाही. म्हणून चकत्यांना फेऱ्यांची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. ती संपली की चकती चांगली दिसत असली तरी काढून टाकावी लागते.

भारतात काय स्थिती?

भारतात अशा आदेशांचा सर्वाधिक अनुभव एअरबस ए३२० निओ विमानांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांनी दिला. १२ मार्च २०१८ रोजी इंडिगोचे लखनऊला निघालेले विमान इंजिन बंद पडल्याने अहमदाबादला परतले. त्याच दिवशी डीजीसीएने एका विशिष्ट मालिकेची इंजिने बसवलेली ११ विमाने थांबवली. त्यांपैकी आठ इंडिगोची, तर तीन गोएअरची होती. १ नोव्हेंबर २०१९ रोजी डीजीसीएने इंडिगोला ९७ ए३२० निओ विमानांवर सुधारित इंजिने बसवण्यास सांगितले. त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत होती. ती पुढे वाढवण्यात आली.

आदेश निघाला तरी काम झालेच, असे मात्र गृहीत धरता येत नाही. ते झाल्याची खात्री कागदांवरून होते. कोणत्या इंजिनाचा कोणता क्रमांकाचा भाग, किती फेऱ्यांवर, कुणी तपासला किंवा बदलला याची नोंद होते आणि परवानाधारक अभियंता त्यावर सही करतो. ही नोंदच चुकली तर पुढची सगळी साखळी चुकते.

रॉयटर्सने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, एअर इंडिया एक्स्प्रेसच्या एका ए३२० विमानाच्या लीप-१ए इंजिनातील भाग युरोपीय आदेशात दिलेल्या मुदतीत बदलले गेले नव्हते आणि ते वेळेत बदलल्याचे दाखवण्यासाठी नोंदींत फेरफार झाल्याचे डीजीसीएला आढळले होते. मार्च २०२५ मध्ये डीजीसीएने कंपनीला समज दिली. कंपनीने चूक मान्य करून सुधारात्मक पावले उचलल्याचे सांगितले. त्या विमानाला अपघात झाला नाही. मात्र वेळेवर न बदललेला भाग घेऊन ते दरम्यानच्या काळात प्रवाशांना ने-आण करत होते.

प्रवाशांना याची किंमत काय मोजावी लागते?

सक्तीची तपासणी म्हणजे थांबलेली विमाने, रद्द झालेली उड्डाणे आणि वाढलेली भाडी. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या मूळ कंपनीने, म्हणजे आरटीएक्सने जाहीर केले की साधारण २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत इंजिनाच्या भागांसाठी वापरलेल्या धातूच्या पुडीत अशुद्ध कण होते. त्यामुळे चकत्यांत ठरल्यापेक्षा लवकर चीर पडू शकते. सुमारे ६०० ते ७०० जादा इंजिने विमानांवरून उतरवावी लागतील आणि प्रत्येकाला कारखान्यात २५० ते ३०० दिवस लागतील, असा कंपनीचा तेव्हाचा अंदाज होता. इंडिगोची डझनावारी विमाने या काळात उभी राहिली. त्याआधी मे २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज करताना गो फर्स्टनेही याच कंपनीच्या बंद पडणाऱ्या आणि वेळेत न मिळणाऱ्या इंजिनांकडे बोट दाखवले होते. इंजिन कंपनीने तो आरोप फेटाळला.

या वेळी इंजिने मोठ्या अपघाताची वाट न पाहता उतरवली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याचा फटका तिकिटाच्या दरात आणि बदललेल्या वेळापत्रकात बसला.

फिलाडेल्फियाच्या अपघातात तपासणीचे उपकरण होते, पद्धत ठाऊक होती आणि शिफारसही लिहून झाली होती. राहिली होती ती मुदत घालून देणारी एक सही. होनोलुलूच्या प्रकरणात खूण दिसूनही ती ओळखली गेली नाही. डेन्व्हरमध्ये अंतराचे गणित चुकले. त्यामुळे नवा आदेश निघाला की विमान कंपनीला, नियामकाला आणि प्रवाशांनाही चार प्रश्न विचारता येतात : तो वेळेत निघाला का, त्यातले अंतर पुरेसे आहे का, तपासणाऱ्याला प्रशिक्षण आहे का आणि काम खरोखर झाले का?